जुन्या ॲक्टिव्हासाठी एलएफपी सेल घ्यावेत की एनएमसी?

तुम्ही विचारलंय: गाव जळगाव, जुन्या ॲक्टिव्हात 60 व्होल्टची हब मोटर (चाकातच बसणारी विजेची मोटर) बसवायची आहे, एका चार्जमध्ये 60 किलोमीटर हवेत, तर लिथियम बॅटरीचे सेल कोणते घ्यावेत, एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) की एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट)?

जळगाव वाचलं आणि माझ्यापुरता निकाल लागला. एलएफपी. मे महिन्यात पारा 44-45 वर आणि गाडी दुपारभर पत्र्याच्या शेडमध्ये. अशा उष्णतेत एनएमसी लवकर म्हातारा होतो. शिवाय बिघडून फार तापला की त्याच्या कॅथोडमधूनच (सेलच्या धन बाजूच्या पदार्थातूनच) ऑक्सिजन सुटतो, मग आग विझता विझत नाही. एलएफपीमधला ऑक्सिजन फॉस्फरसने घट्ट धरलेला असतो. अर्थात पाना पडून शॉर्ट झाला तर तोही धूर काढतोच, बेफिकीर राहू नका.

भुर्दंड वजनाचा. अशी स्कूटर किलोमीटरला साधारण 30-35 वॅट-तास खाते, म्हणजे 60 किलोमीटरला दोन युनिट. पॅक तळापर्यंत ओरपायचा नसतो, म्हणून अडीच युनिट धरा. 3.2 व्होल्टचे 20 सेल सिरीजमध्ये म्हणजे 64 व्होल्ट. 32700 मापाचे (32 मिमी जाड, 70 मिमी लांब) 6 एएचचे (अँपिअर-तास, म्हणजे क्षमता) सेल सात-सात पॅरलल जोडले तर एकूण 140 नग, नुसते सेलच वीस किलो. एनएमसीत हेच काम बारा-तेरा किलोत होतं. डिकीत हेल्मेट ठेवायचं मात्र विसरा.

पण एएच मोजण्याआधी अँपिअर बघा. मोटरला वीज पुरवणारा कंट्रोलर 45 अँपिअर ओढत असेल तर सातांपैकी प्रत्येक सेलवर साडेसहाच्या आसपास येतात. सोलरसाठी बनवलेले स्वस्त सेल एवढा भार सतत सोसतीलच असं नाही; चढावर व्होल्टेज बसतं, बीएमएस (सेलवर नजर ठेवून गरज पडली की वीज तोडणारं सर्किट) ट्रिप होतो आणि गाडी ढकलत घरी आणावी लागते.

मी स्वतः पहिल्या पॅकला स्वस्ताच्या मागे लागलो. रॅपवर 6000 एमएएच (म्हणजे 6 एएच) छापलेलं, डिस्चार्ज करून पाहिलं तर कित्येक सेल 4200 च्या आतबाहेर. आणि हे कळलं कधी? सगळं स्पॉट वेल्डिंग उरकल्यावर! बैलजोडीतला एक मरतुकडा असला की गाडी त्याच्याच चालीने जाते, सिरीजचं तसंच आहे. तेव्हा सगळ्या सेलचं व्होल्टेज आणि इंटर्नल रेझिस्टन्स मोजा, दहा-बारांची तरी पूर्ण क्षमता तपासा, आणि वेगळे वागणारे बाजूला काढा. पाच-सात जादाच मागवा.

चार्जर 73 व्होल्टचाच हवा. बाजारात '72 व्होल्ट लिथियम' म्हणून जो मिळतो तो बहुधा 84 व्होल्टचा, एनएमसीच्या 20 सेलचा असतो. पिन तीच, त्यामुळे बसतोही. मग 3.65 वर थांबायचे सेल 4.2 कडे निघतात आणि मध्ये फक्त बीएमएस उभा असतो.

व्होल्टेजवरून टक्के दाखवणारा मीटरही नको. एलएफपीचं व्होल्टेज बराच वेळ सपाट राहतं आणि शेवटी एकदम कोसळतं. शंटवाला, म्हणजे आत-बाहेर जाणारा करंट मोजणारा मीटर घ्या.

आणि किट मान्यताप्राप्त आहे का, आरसीवर बदलाची नोंद होईल का, हे आरटीओत आधीच विचारून घ्या.

कंट्रोलरच्या स्टिकरवर कमाल किती अँपिअर लिहिलेत ते खाली कळवा, सात पॅरलल पुरतील की आठ लागतील ते सांगतो.