आधी धुतलेले हात

प्रिय मुली,

संसर्ग नियंत्रणाचं काम तुझ्याकडे आल्याचं कळलं. आता फॉर्म आणि चेकलिस्टचा ढीग समोर येईल. तो जरा बाजूला ठेव आणि एक दिवस आयसीयूच्या कोपऱ्यात नुसती उभी राहा. लोकांच्या हातांकडे बघ.

पेशंटला हात लावून झाल्यावर बरेच जण हँडरब, म्हणजे हातावर चोळायचं अल्कोहोलचं द्रावण, घेतात, लावण्याआधी मात्र विसरतात. जागतिक आरोग्य संघटनेने हात स्वच्छ करण्याच्या ५ वेळा सांगितल्यात. त्यातल्या ३ 'नंतर'च्या, २ 'आधी'च्या, आणि खरी गळती या दोनांत. नंतर धुतले की आपला जीव निर्धास्त होतो. आधी धुतले तर फायदा पेशंटचा, म्हणून ते राहून जातं. कडू आहे, पण मला तरी हेच कारण दिसतं.

ग्लोव्हजवर तर मुळीच विसंबू नकोस. नवीन असताना मी ग्लोव्हज घालून एकाची युरीन बॅग रिकामी केली आणि त्याच हातांनी शेजारच्या बेडची सलाईन लावायला गेले. सिनियर सिस्टर एक शब्द बोलल्या नाहीत, नुसत्या माझ्या हातांकडे बघत राहिल्या. ते बघणं अजून विसरले नाही.

म्हणून सांगते, ओरडू नकोस. १८४७ मध्ये व्हिएन्नात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने शवविच्छेदन करून प्रसूती कक्षात येणाऱ्या डॉक्टरांना क्लोरिनच्या द्रावणात हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये तिथल्या सुमारे १८ टक्के बाळंतिणी दगावल्या होत्या; जूनमध्ये प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास आलं. एवढं हाती असूनही बहुतेकांना ते पटलं नाही. पुढे वैतागून त्याने खुल्या पत्रांत नामवंत डॉक्टरांना खुनी म्हटलं, तेव्हा तर होते तेही दुरावले. मोठे डॉक्टर राउंडला आले की तू फक्त बाटली पुढे कर. बाटली बेडच्या पायथ्याशीच हवी, दाराजवळ नको. चार पावलं लांब असली की कुणी जात नाही.

राउंडला रोज एक प्रश्न मात्र न चुकता विचार: "हा कॅथेटर आज हवाय का?" अनेकदा ही लघवीची नळी का घातली होती हेच कुणाला आठवत नाही. सेंट्रल लाइनचं, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेल्या नळीचंही तेच. नळी निघाली की तिचा धोकाही संपला.

क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल या जिवाणूचे जुलाब असतील तिथे हँडरब पुरत नाही, त्याचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत. साबण-पाणीच लागतं, ४० ते ६० सेकंद. आणि जंतुनाशकाने बेडची रेलिंग पुसली की लगेच कोरडी करू देऊ नकोस. लेबलवर लिहिलेला वेळ ती ओली राहायला हवी.

हे सगळ्यात आधी सफाईच्या मावशींना समजावून सांग, बसून, नावाने हाक मारून. कुठली हँडरबची बाटली कधीपासून रिकामी आहे, तेही त्यांनाच विचार.

तुझी,
सिस्टर