वाचकांचे प्रश्न : फोनवर बोलणारे यंत्र आणि घरातली ज्येष्ठ मंडळी

प्रश्न : इंदूरच्या रामबाग भागात आमच्या मंडळाचा एक धर्मादाय दवाखाना आहे. डॉक्टरांची वेळ घेण्यासाठी आम्ही फोनवर बोलणारी स्वयंचलित यंत्रणा बसवली. तरुणांचे काम त्यावर होते; परंतु ज्येष्ठ रुग्ण बोलता बोलता जरा थांबले की यंत्र मध्येच बोलू लागते, आणि ‘माफ करा, मला समजले नाही, कृपया पुन्हा सांगा’ हे दोन-तीनदा ऐकल्यावर ते फोन ठेवून देतात. लोक मराठीत हिंदी मिसळतात म्हणून असे होते, त्यांनी शुद्ध बोलावे, असे यंत्रणा बसवणाऱ्यांचे म्हणणे आहे. ते बरोबर आहे का? — एक कार्यकर्ता, इंदूर

उत्तर : मुळीच बरोबर नाही. होळकरांच्या काळापासून माळव्यात राहणाऱ्या मराठी माणसाच्या बोलण्यात हिंदी येणारच, आणि आजारी माणसाने फोन करण्याआधी भाषा सुधारावी अशी अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे. आपल्या पत्रात दोन वेगवेगळे दोष आहेत आणि दोन्ही रचनेतले आहेत.

पहिला दोष बोलण्याच्या पाळीचा. एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होईपर्यंत माणसामाणसांत फारच थोडा वेळ जातो. २००९ साली भाषा-अभ्यासक तान्या स्टिव्हर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा भाषांतील संभाषणे तपासली, तेव्हा हे अंतर बहुधा सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आसपास आढळले. आपल्याला ते जमते, कारण समोरच्याचे वाक्य कुठे संपणार हे सूर, क्रियापद आणि आशय यांवरून आपण आधीच ओळखतो. साध्या यंत्रणेला यातले काही कळत नाही. ठरावीक काळ शांतता पडली की बोलणे संपले, एवढाच तिचा नियम असतो. नातवाने सांगितलेली तारीख आठवणाऱ्या आजींना तो काळ पुरत नाही. ही मर्यादा बदलता येते, आणि ती प्रत्येक प्रश्नासाठी वेगळी ठेवावी : ‘हो की नाही’ विचारल्यावर कमी, नाव किंवा दिवस विचारल्यावर दीड-दोन सेकंद. यंत्र बोलत असताना रुग्णाने मध्ये बोलायला सुरुवात केली, तर यंत्राने लगेच थांबून ऐकावे, अशीही सोय हवी.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे, कारण त्यात न समजल्याचे सगळे ओझे रुग्णावर टाकलेले आहे. ‘पुन्हा सांगा’ म्हटले की माणूस आवाज चढवतो आणि एकेक अक्षर तोडून बोलतो. यंत्र मात्र सहज बोलण्यावर तयार झालेले असते, त्यामुळे दुसऱ्या खेपेला त्याला आणखी कमी कळते. दान बोहुस आणि अलेक्झांडर रुडनिकी या संगणक-संशोधकांनी २००५ मध्ये सभागृहाची नोंदणी करणाऱ्या एका बोलक्या यंत्रणेवर नेमका हाच प्रश्न अभ्यासला. यंत्राला समजले नाही तर त्याने काय करावे, याचे दहा उपाय त्यांनी ताडून पाहिले. त्यात अडलेला प्रश्न बाजूला ठेवून दुसऱ्या वाटेने पुढे जाणे आणि काय बोलता येईल हे सांगणे, हे उपाय विशेष उपयोगी ठरले. आपल्या दवाखान्यात यंत्राने दिवस समजला नाही तर तोच प्रश्न घोकत बसू नये. ‘आपल्याला कोणत्या डॉक्टरांना दाखवायचे आहे?’ असे विचारावे. उत्तर मिळाले की ‘डॉक्टर सोमवारी आणि गुरुवारी असतात, सोमवार चालेल का?’ असे म्हणावे. आता रुग्णाला फक्त ‘हो’ म्हणायचे आहे, आणि ‘हाँ’, ‘चालेल’, ‘ठीक है’ यांपैकी काहीही आले तरी यंत्राने ते स्वीकारले पाहिजे.

भाषेच्या मिश्रणाचे काम खरोखर करायचे असेल, तर आपल्याच रुग्णांचे बोलणे त्यांच्या संमतीने ध्वनिमुद्रित करून घ्यावे. ‘परसोंला दाखवायचंय, शामच्या टायमाला’ हे वाक्य रामबागेत कोणालाही कळते. यंत्रणेच्या शब्दसाठ्यात ‘परसों’ आणि ‘शाम’ नसतील, तर दोष साठ्याचा आहे. काही जण ‘एकादशीच्या दुसऱ्या दिवशी’ म्हणतील, काही ‘रंगपंचमी झाल्यावर’. इंदुरात गेरच्या, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीच्या, दिवशी राजवाड्याकडून वाट काढणे कठीण, म्हणून ते तसे म्हणणारच. यंत्रणेला पंचांगातल्या तिथी-सणांच्या तारखा पुरवणे मुळीच अवघड नाही.

वेळेच्या बाबतीत अधिक जपावे. ‘पावणेसहा’मधले ‘पावणे’ निसटले की सहा उरतात, ‘साडेपाच’मधले ‘साडे’ निसटले की पाच. त्यातच जुन्या पद्धतीच्या फोनवरून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज पलीकडे पोहोचतो, त्यामुळे ‘स’, ‘श’सारखे ध्वनी पुसट होतात. बहुतेक यंत्रणा ओळखलेल्या शब्दाबरोबर खात्रीचा एक आकडाही देतात. तो चांगला असेल तर पुढच्या प्रश्नातच पडताळणी गुंफावी : ‘सोमवारी संध्याकाळी पाच पंचेचाळीसला, नाव काय लिहू?’ आकडा खालावला असेल तर मात्र स्पष्ट विचारावे, आणि दोनदा चुकल्यास बटण दाबून उत्तर देण्याची किंवा माणसाशी बोलण्याची वाट खुली करावी. तोवर मिळालेली माहिती त्या माणसापुढे आलेली असावी. आजींना सगळे पहिल्यापासून सांगायला लावू नये.

हे बदल करण्यापूर्वी एक जुनी, स्वस्त पद्धत वापरून पाहा, असा माझा आग्रह आहे. संशोधक जॉन केली यांनी १९८०च्या दशकात ती रूढ केली : यंत्राच्या जागी आड बसलेला माणूसच ठरलेली वाक्ये बोलतो आणि लोक कुठे अडतात ते टिपतो. आपल्या कार्यकर्त्यांपैकी एकाने काही संध्याकाळी हे काम करावे आणि कॉल संपताच रुग्णाला खरा प्रकार सांगावा. बदल केल्यावर यश मोजताना किती शब्द बरोबर ओळखले याला फार महत्त्व देऊ नका. रुग्णाला हवी ती वेळ मिळाली का आणि तो पुढच्या वेळी स्वतः फोन करतो का, हे पाहा.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या प्रकल्पात आम्ही मराठी चॅटबॉट तयार करत आहोत. तो स्त्री म्हणून बोलावा की पुरुष म्हणून, यावर गटात मतभेद आहेत. — एक विद्यार्थिनी, इंदूर

उत्तर : मराठीत ‘मी सांगतो’ आणि ‘मी सांगते’ यांतून निवड करावीच लागते, म्हणून हा प्रश्न आपल्यापुढे इंग्रजीपेक्षा लवकर येतो. माझ्या मते ‘नोंद झाली आहे’, ‘माहिती खाली दिली आहे’ अशी रचना बरी, कारण त्यात माणसाचा आभास कमी राहतो. हा आभास किती चटकन निर्माण होतो, हे संगणकशास्त्रज्ञ जोसेफ वायझेनबाउम यांनी अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेत केलेल्या आणि १९६६ साली मांडलेल्या ‘एलायझा’ या संवाद करणाऱ्या प्रोग्रामवरून दिसले. तो प्रोग्राम वापरणाऱ्याचेच शब्द उलटवून प्रश्न विचारत असे. तरीही तो कसा तयार झाला हे पाहिलेल्या त्यांच्या सचिव त्याच्याशी बोलू लागल्या आणि थोड्याच वेळात त्यांनी वायझेनबाउम यांना खोलीबाहेर जायला सांगितले. त्यामुळे आपल्या बॉटने पहिल्याच वाक्यात ‘ही स्वयंचलित सेवा आहे’ असे सांगावे आणि सर्वांना ‘आपण’ किंवा ‘तुम्ही’ म्हणावे, विद्यार्थ्यांनासुद्धा.