हिवाळ्यात बेळगाव-खानापूर भागात नदीकाठाने आणि डोंगरपायथ्याने ग्रुप ट्रेक कसा आखावा?

तुम्ही विचारलंय की बारा-पंधरा जण आहेत, त्यातले निम्मे नवखे, डिसेंबर-जानेवारीतला एखादा रविवार आहे आणि मलप्रभेच्या काठाने, आसपासच्या टेकड्यांतून चालायचंय, तर वाट कशी ठरवायची आणि काय सांभाळायचं.

सगळ्यात आधी क्रम ठरवा: सकाळी डोंगर, दुपारी नदी. बरेच ग्रुप नेमकं उलटं करतात. पहाटे धुकं बघायला नदीवर उतरतात आणि ऊन डोक्यावर आलं की टेकडी चढायला घेतात. खानापूर तालुक्यात हे तीन-चार कारणांनी अंगाशी येतं.

पहिलं कारण दव. भातकापणी झाली तरी बांधावरचं गवत गुडघाभर असतं आणि साडेनऊपर्यंत ते पावसात भिजल्यासारखं ओलं असतं. अशा बांधावरून अर्धा तास चाललात की बूट आतपर्यंत भिजतात, मोजे पायाला चिकटतात आणि पुढच्या दोन तासांत टाचेला फोड येतो. दुसरं कारण जनावरं. गवे आणि अस्वलं पाण्यावर येतात ती पहाटे आणि तिन्हीसांजेला. दिवस वर आल्यावर नदीकाठी त्यांची गाठ पडायची शक्यता बरीच कमी. तिसरं कारण ऊन. पहाटे थंडी वाजली तरी बाराच्या सुमाराला उघड्या माळावर चांगलंच तापतं, तेव्हा नदीकाठच्या जांभळी-करंजाची सावली हवी. आणि शेवटचं म्हणजे उतार. जांभ्याच्या मुरमाचे खडे पायाखाली गोट्यांसारखे फिरतात, वर वाळलेलं गवत पडलेलं असलं तर आणखीच. थकलेल्या गुडघ्यांनी असा उतार उतरताना माणसं घसरतात. म्हणून तो पाय ताजे असतानाच उरकावा.

या हिशेबात बसणारी जागा म्हणजे जांबोटीचा भाग. सकाळी तिथल्या टेकड्या करायच्या आणि मग हब्बनहट्टीच्या मारुतीपाशी मलप्रभेवर यायचं. पावसाळ्यात हे देऊळ पाण्याखाली जातं, हिवाळ्यात मात्र मोकळं असतं. अगदीच नवखे असतील तर खानापूरपर्यंत रेल्वेने जा आणि तिथून असोग्याच्या रामेश्वराकडे काठाकाठाने चाला. पहिल्या वेळेला एवढं पुरे. काठ सोडून रेल्वेच्या रुळावरून किंवा पुलावरून मात्र कुणालाही जाऊ देऊ नका. नुसता चढाचा सराव हवा असेल तर येळ्ळूरचा राजहंसगड बेळगावकरांना जवळ पडतो. वर गाडीरस्ता असल्यामुळे कुणाला त्रास झाला तर परत आणणं सोपं जातं.

वेळेचा हिशेब कागदावर मांडा. नवखे सोबत असताना सपाटीवर तासाला 3 किलोमीटर धरा, दर 100 मीटर चढाला 15 मिनिटं जास्तीची. 12 किलोमीटर आणि 250 मीटर चढ म्हणजे चालण्याचे साधारण पावणेपाच तास. त्यात दर तासाला दहा मिनिटं थांबा, जेवणाचा एक तास. शिवाय नदी एकदा ओलांडायची असेल तर बारा जणांना बूट काढून-घालून अर्धा-पाऊण तास सहज लागतो. सव्वासातला निघालात तर हे सगळं अडीचच्या आसपास संपतं. सूर्य सहा वाजून गेल्यावर लगेच मावळतो आणि दरीत त्याच्याही आधी अंधारतं. म्हणून कुठेही असलात तरी चार वाजता परतीच्या रस्त्याला लागायचं, हे आदल्या दिवशीच सगळ्यांना सांगून ठेवा. वेग सगळ्यात हळू चालणाऱ्याचा. वाट माहीत असलेला एक पुढे, अनुभवी एक शेवटी, आणि बाकी सगळे या दोघांच्या मध्ये. शिट्टी दोघांकडेही हवी: एक वाजली की थांबा, तीन वाजल्या की मदत.

आता नदी. जानेवारीत मलप्रभा बारीक दिसते आणि तिथेच माणूस फसतो. पावसाळा संपला की कोल्हापुरी बंधाऱ्यांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालून पाणी अडवतात. त्यामुळे बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला पाणी दूरवर तुंबलेलं असतं. उन्हाळ्यात जिथून घोट्याएवढ्या पाण्यातून पलीकडे जाता येतं, तिथे आता पुरुषभर पाणी असू शकतं. पाणी हलत नसेल आणि हिरवट-काळं दिसत असेल तर तो डोह समजा आणि लांब राहा. बरगे लावलेल्या बाजूला पोहायला कुणालाही उतरू देऊ नका, फटींतून पाणी ओढतं. बरगे काढले तर खालच्या अंगाला पाणी एकदम वाढतं. म्हणून ओलांडायच्या आधी जवळच्या शेतात कुणी असेल त्याला विचारा. या पट्ट्यात मराठी सगळीकडे चालते.

ओलांडायचंच असेल तर पाणी पसरट आणि खळखळतं असेल तिथून, आणि गुडघ्याच्या वर पाणी असेल तर बेत रद्द. बूट काढून पट्ट्याच्या सँडल घाला. अनवाणी नको, कारण शेवाळलेल्या काळ्या दगडावर तळवा साबणावरून सरकावा तसा सरकतो. सॅकचा कमरेचा पट्टा सोडा, म्हणजे पडलात तर सॅक लगेच टाकता येते. काठी वरच्या अंगाला रोवून आधी दगड दाबून बघा, तो डुगडुगला नाही तरच वजन टाका. तिघातिघांनी एकमेकांना धरून जा.

काठावरची आणखी एक गोष्ट, जिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं: शेतकऱ्यांच्या पाणबुड्या मोटरींच्या केबली. त्या गवतातून जातात, जोडावर नुसती टेप गुंडाळलेली असते, आणि थ्री-फेज लाईट कधी येईल सांगता येत नाही. केबल ओलांडताना पाय उचलून टाका. हाताने बाजूला सारू नका, काठीनेही नको. उभ्या उसात आडवाट म्हणून शिरू नका. थंडीचे महिने घोणशीच्या मिलनाचे असतात आणि उसाचा बांध ही तिची आवडती जागा. चावलीच तर बांधायचं नाही, कापायचं नाही. तो पाय हलू न देता, माणसाला न चालवता 108 ला फोन करून खानापूर किंवा बेळगावच्या सरकारी दवाखान्यात न्या.

कणकुंबीच्या बाजूला जाणार असाल तर एक नेहमीचा सल्ला विसरा. वाट चुकली की ओढा धरून खाली उतरा म्हणजे गाव लागतं, असं सांगतात. इथे ते धोक्याचं आहे. मलप्रभा कणकुंबीला उगम पावून पूर्वेला कृष्णेकडे जाते, तर म्हादई देगावजवळ उगम पावून पश्चिमेला गोव्याकडे. चुकून पश्चिमेचा ओढा धरलात तर गाव लागत नाही, घाटाचे कडे लागतात. त्यामुळे ऑफलाइन नकाशा घरूनच उतरवून घ्या, तिथे रेंजचा भरवसा नाही. चुकलात तर आल्या वाटेने शेवटच्या ओळखीच्या जागेपर्यंत मागे फिरा. भीमगडचं जंगल 2011 पासून अभयारण्य आहे. तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय पाऊल टाकू नका. बारापेडे गुहांकडे तर नाहीच, तिथली वटवाघळं फार दुर्मिळ आहेत.

माणशी अडीच लिटर पाणी, ओआरएसची दोन पाकिटं, भाकरी, शेंगाचटणी, कांदा, चालता चालता खायला गूळ-शेंगदाणे. चूल आणि शेकोटी नकोच. वाळलेलं गवत ठिणगीने पेटतं, आणि कड्यावर आग्या मोहळ असेल तर धूर गेला की माशा उठतात. त्याच कारणाने अत्तर-डिओही त्या दिवशी घरी ठेवा.

पूर्ण बाह्यांचा शर्ट, पॅंट मोज्यात खोचलेली आणि उघड्या अंगाला डीएमपी तेल, हे गोचिडीसाठी. गोचिडीच्या चाव्याने होणाऱ्या माकडतापाचा हंगाम याच महिन्यांत सुरू होतो, आणि शेजारच्या सत्तरी, दोडामार्ग भागांत त्याचे रुग्ण सापडलेले आहेत. वाटेत मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वनखात्याला किंवा आरोग्यकेंद्राला कळवा. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाका, आंघोळीच्या वेळी काखा, जांघा, कानामागे बोटाने चाचपून बघा. गोचीड सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. त्यानंतरच्या आठ-दहा दिवसांत कुणालाही जोराचा ताप, डोकेदुखी आली तर डॉक्टरांना जंगलात गेल्याची तारीख आणि जागा आपणहून सांगा. त्यांनी विचारायची वाट बघू नका.