‘आणखी एक सुई नको’

‘आई फ्लूची लस घ्यायला तयारच नाही, तिला कसं समजावू?’ पावसाळा तोंडावर आला की हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. तेव्हा मला एक काकू आठवतात. (ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

वय ६७, मधुमेह जुना. मुलगा घेऊन आला तो वैतागूनच. काकू मात्र ठाम होत्या. “आलं-तुळशीचा काढा घेते मी. अंगातली प्रतिकारशक्ती पुरते मला. शेजारच्या वहिनींनी लस टोचून घेतली आणि दोन दिवस तापाने फणफणल्या.”

मुलाला बाहेर बसायला सांगितलं आणि विचारलं, “दिवसाला गोळ्या किती होतात?”

“सकाळी चार, रात्री तीन.” मग बराच वेळ गप्प. “माझ्या शरीराबद्दल सगळं दुसरेच ठरवतात हो. काढा तेवढा माझा आहे.”

खरं दुखणं तिथे होतं. मुलगा रोज लशीचे व्हिडिओ पाठवत होता, त्याने ते आणखीच चिघळलं होतं.

काढा सोडा असं मी म्हटलं नाही. घशाला आराम पडतो, खुशाल घ्या. पण वहिनींच्या तापाबद्दल बोलले. इंजेक्शनच्या लशीतला विषाणू निष्क्रिय केलेला असतो, त्यातून फ्लू होत नाही. एक-दोन दिवसांची कणकण म्हणजे काकूंची ती लाडकी प्रतिकारशक्तीच कामाला लागलेली असते. फ्लू होऊन गेल्यावरही अंगात संरक्षण तयार होतं, इथवर त्यांचं प्रतिकारशक्तीबद्दलचं म्हणणं बरोबर होतं. फक्त मधुमेह असताना त्यासाठी न्यूमोनियाचा धोका पत्करावा लागतो. आणि विषाणू रूप बदलत राहतो, म्हणून लस दरवर्षी. लस त्या वर्षी फिरणाऱ्या विषाणूशी जुळली तरीही डॉक्टरकडे जावं लागेल असा फ्लू साधारण ४० ते ६० टक्क्यांनीच कमी होतो, हेही सांगितलं. असं लपवलं की माणूस पुढचं काहीच ऐकत नाही.

मग त्याच म्हणाल्या, “२००९ साली स्वाइन फ्लू आला तेव्हा पुण्यातच होते मी. नायडू हॉस्पिटलबाहेरच्या रांगा पाहिल्यात.” आणि हळूच कबूल केलं की मागच्या तापात घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या घेतल्या होत्या. गोळ्यांचा एवढा तिटकारा असलेल्या बाईने! फ्लू विषाणूमुळे होतो, त्यावर त्या गोळ्या चालत नाहीत, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

निर्णय त्यांचा त्यांच्यावर सोडला. मुलाला एवढंच सांगितलं, व्हिडिओ बंद. तिच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे घेऊन जा, पण बोलू दे तिला.

काकू पाच प्रश्न कागदावर लिहून गेल्या. लशीचा प्रश्न तिसरा. पहिला होता, ‘रात्रीची एखादी गोळी कमी होईल का?’ डॉक्टरांनी तपासण्या पाहून एक बंद केली. लस काकूंनी पुढच्या आठवड्यात घेतली, वार स्वतः ठरवून.