90 टक्के म्हणजे नक्की कशाचे? ईएसआयच्या महिन्याच्या पैशाचा हिशोब

ताई, तुमचं पत्र वाचलं, भावाला ईएसआयने (कामगारांच्या सरकारी विम्याने) एवढे कमी का लावले म्हणून. आधी एक सांगतो म्हणजे रात्रीची झोप तरी लागेल, ऑफिसने गुणाकारात तुम्हाला फसवलेलं नाही. तुमचा भाऊ चाकणला प्रेस शॉपमध्ये, फेब्रुवारी 2024 मध्ये उजव्या हाताची तीन बोटं गेली, पगार 18,000, कमावण्याची ताकद 30 टक्के गेली असं मेडिकल बोर्डाने लिहिलं, आणि जो तो "ईएसआयचे 90 टक्के मिळतात" म्हणाला म्हणून घरात सगळे महिन्याला 16,200 धरून बसले आणि कागद आला दिवसाला 140 रुपयांचा. असाच कागद माझ्याही घरी आला होता. 2009 मध्ये माझी उजवी तर्जनी दोन पेरं गेली, आई तो कागद उलटसुलट करून बघत होती की मागच्या बाजूला अजून काही लिहिलंय का.

तर 90 टक्के खरेच आहेत, पण ते पगाराचे 90 टक्के नाहीत आणि आताच्या पगाराचे तर नाहीतच. तीन आकडे लागतात. सरासरी रोजचा पगार, त्याचे 90 टक्के, आणि मग त्याच्यावर बोर्डाची टक्केवारी. लोक तिसरा आकडा विसरतात, कारण टीडीबी (जखम भरेपर्यंतचे तात्पुरते पैसे) चालू असताना तो नसतो. जखम भरेपर्यंत, डॉक्टर सर्टिफिकेट देतायत तोपर्यंत पूर्ण 90 टक्के मिळतात, रविवार धरून रोजचे. भावाला त्या महिन्यांत साधारण 14,000 येत होते असं तुम्ही लिहिलंय ते बरोबरच आहे. मग फायनल सर्टिफिकेट मिळालं, टीडीबी बंद, बोर्ड झालं, पीडीबी (कायमच्या अपंगत्वाचे पैसे) सुरू, आणि 14,000 चे एकदम 4,000. ही पडझड कुणी आधी सांगत नाही, आणि माणूस नेमकं त्याच महिन्यात कर्ज काढून बसतो.

आता पगार कुठला धरायचा ते. ईएसआयचं वर्ष दोन तुकड्यांत आहे. एप्रिल ते सप्टेंबरच्या पगारातून ईएसआयला गेलेल्या कापणीवर पुढच्या जानेवारी ते जूनचे फायदे, आणि ऑक्टोबर ते मार्चच्या कापणीवर पुढच्या जुलै ते डिसेंबरचे. अपघात फेब्रुवारी 2024 चा, म्हणजे धरणार एप्रिल ते सप्टेंबर 2023 चा पगार. भावाला 18,000 झाले दिवाळीला, ती वाढ या हिशोबात येतच नाही. (नवीन माणूस असेल आणि त्याचा पहिला फायद्याचा काळच सुरू झाला नसेल तर मात्र हिशोब वेगळा होतो.)

तुम्ही सहा महिन्यांच्या स्लिपांची बेरीज 95,160 दिलीय. एप्रिल ते सप्टेंबर दिवस होतात 183. भागाकार केला की 520 रुपये रोज. त्याचे 90 टक्के 468, हाच तुमचा टीडीबीचा दर होता बघा, पासबुकात ताडून घ्या. आणि 468 चे 30 टक्के म्हणजे 140 रुपये 40 पैसे. 30 दिवसांच्या महिन्याला 4,212, 31 च्या महिन्याला 4,352, आणि 28 दिवसांच्या फेब्रुवारीत 3,931. दर रोजाचा असल्यामुळे महिन्यागणिक आकडा हलतो, त्यावरून ऑफिसात भांडायला जाऊ नका, मी एका मार्चमध्ये गेलो होतो, फुकट अर्धा दिवस गेला.

पण गुणाकार बरोबर आहे म्हणजे आकडे बरोबर आहेत असं नाही, आणि मला तुम्हाला खरं इथेच थांबवायचंय. दोन गोष्टी तपासा.

पहिली, दिवस. भाऊ महिन्याच्या पगारावर असेल, सुट्टीचेही पैसे धरलेले असतील तर 183 ठीक. पण तो रोजंदारीवर असेल, रविवारचा पगार मिळत नसेल, हजेरी महिन्याला 26 चीच असेल, तर सहा महिन्यांचे दिवस होतात 156. तेच 95,160 भागिले 156 म्हणजे 610 रोज, मग 549, मग 30 टक्क्यांनी 164 रुपये 70 पैसे, महिन्याला 4,941. सातशेच्या वर फरक, आणि तो जन्मभराचा. कंपनीने ऑनलाईन कापणी भरताना दिवसाच्या रकान्यात काय टाकलंय ते आयपी नंबरवरून (भावाच्या ईएसआयच्या विमा नंबरवरून) बघता येतं, नाहीतर ब्रँच ऑफिसला विचारा, सांगतात.

दुसरी, ओव्हरटाईम. ईएसआय लागू होण्याची 21,000 पगाराची मर्यादा बघताना ओव्हरटाईम धरत नाहीत, पण भावाच्या त्या 2023 च्या काळात कापणी त्याच्यावरही व्हायला पाहिजे होती आणि सरासरीतही तो यायला पाहिजे. आमच्या कंपनीत ओव्हरटाईम रोख द्यायचे, व्हाउचरवर सही घेऊन, स्लिपेवर त्याचा पत्ताच नसायचा. तेव्हा आमचे पावणेदोन टक्के कापले जायचे, आता पाऊण टक्का आहे, आम्हाला वाटायचं बरं झालं तेवढेच वाचले. मी त्या सहा महिन्यांत महिन्याला सत्तर-ऐंशी तास जास्त काम केलं होतं आणि त्यातला एक तासही माझ्या सरासरीत नाही. आज पंधरा वर्षांवर झाली, दर महिन्याला मी ते तास गमावतोय. भावाला शांतपणे विचारा, रोख काही मिळायचं का, मिळत असेल तर व्हाउचरची झेरॉक्स, हजेरीचं कार्ड, बँकेतली एंट्री, मिळेल ते गोळा करा आणि ब्रँच ऑफिसला लेखी अर्ज द्या. तोंडी सांगू नका.

मग राहिली टक्केवारी. बोटांचे टक्के बोर्ड मनाने देत नाही, कायद्याला यादीच जोडलेली आहे. एका हाताची तीन बोटं गेली की 30, चारही गेली तर 50, अख्खा अंगठा 30, तर्जनी पूर्ण गेली तर 14 आणि दोन पेरं गेली तर 11, करंगळी पूर्ण 7. म्हणून 30 चे 40 करा म्हणून भांडण्यात अर्थ नाही. पण यादी फक्त गेलेल्या बोटांचं सांगते, राहिलेल्या बोटांचं नाही. भावाचा अंगठा आणि उरलेलं बोट नीट मिटतं का? पाण्याचा तांब्या त्या हाताने उचलतो का, शर्टाचं बटण लावतो का, थंडीत ठणकतं का? माझं शेजारचं मधलं बोट आखडलं होतं आणि मी बोर्डासमोर कापलेलं बोट दाखवलं नि गप्प बसलो, वाटलं दिसतंय की त्यांना. 11 टक्के लिहिले गेले, आखडलेल्या बोटाचं काही नाही. अपील करायचं असतं हे मला दोन वर्षांनी कळलं.

तुम्ही ते करू नका. बोर्डाचा निकाल कळल्यापासून तीन महिन्यांत मेडिकल अपील ट्रायब्युनलकडे जाता येतं, किंवा थेट ईएसआय कोर्टात. अंगठा आखडला असेल तर आधी हाडांच्या डॉक्टरकडून किती मिटतो किती उघडतो ते लिहून घ्या आणि मग अर्ज करा. निकाल तात्पुरता आहे की अंतिम ते कागदावर वाचा, तात्पुरता असला तर पुन्हा बोर्ड होईल, तेव्हा तोंड उघडून सगळं सांगायला लावा त्याला. आणि ही 30 टक्के म्हणजे दिव्यांगाच्या कार्डावरची टक्केवारी नव्हे हां, ते मोजमाप वेगळं, ते सर्टिफिकेट वेगळं काढावं लागतं. इथे मोजतात ती कमावण्याची ताकद किती गेली ते.

त्यावरूनच तुमचा शेवटचा प्रश्न, कामावर परत गेला तर पैसे बंद होतील का. नाही. पगार चालू असताना बंद होते ती टीडीबी, पीडीबी नाही. कंपनी बदलली, पगार 21,000 च्या वर गेला, ईएसआयमधून बाहेर पडला, तरी पीडीबी आयुष्यभर. मी गेली दहा वर्षं स्टोअरला काम करतोय, पूर्ण पगार घेतो आणि पीडीबीही येते, अधूनमधून महागाईप्रमाणे दरही वाढवतात. माझ्या ओळखीचा एक मुलगा पैसे बंद होतील या भीतीने दीड वर्ष घरी बसला, पंचवीस वर्षांचा पोरगा, त्याला कुणी एवढंसं सांगितलं नाही. हयातीचा दाखला मात्र वेळेवर द्यायचा, तो चुकला की पैसे अडकतात. आणि या अपघातामुळे नोकरीच सुटली असेल तर वर्षाला 120 रुपये भरून नवराबायको दोघांचा दवाखाना निवृत्तीच्या वयापर्यंत चालू राहतो, तोही घ्या.

वकील "कामगार भरपाईचे वेगळे लाख काढून देतो" म्हणतोय त्याला पैसे देऊ नका, ईएसआय लागू असलेल्या माणसाचा त्याच अपघातासाठी तो दावा चालत नाही.

बोर्डाचा कागद हातात कधी आला ती तारीख तुम्ही लिहिलेली नाही. ती आधी बघा, तीन महिन्यांतले किती दिवस उरलेत ते मोजा, आणि भावाला आज रात्री जेवताना त्या हाताने तांब्या उचलून दाखवायला सांगा.