ट्रॅक्टर कोरड्यावर, धक्का पाण्यात

तळी आटली की काठावरच्या दुरुस्त्या निघतात. यंदा बहुतेकांच्या हाताशी मिनी ट्रॅक्टर आहे, त्यामुळे पत्रांचा सूरही बदललाय. त्यांतले चार प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या गावतळ्यात मासेमारीच्या नावा लावायला ३० फुटी लाकडी धक्का आहे. पाण्याकडचे चार डांब (खांब) कुजलेत. मे महिन्यात २४ एचपीचा ट्रॅक्टर आत नेऊन ते उपटावेत आणि नवे रोवावेत असं ठरवलंय. जमेल का? (एक वाचक, ता. चिकोडी)

उत्तर : डांब बदलणं जमेल. ट्रॅक्टर आत नेण्याबद्दल मात्र घाई नको. काळ्या मातीचं तळं वरून भेगाळतं, पाय ठेवला तर टणक लागतं, आणि वीतभर खाली लोण्यासारखा गाळ असतो. १२ मिमीची सळई घ्या आणि ज्या वाटेनं ट्रॅक्टर जाणार तिथे दर तीन पावलांवर एका माणसाच्या वजनानं दाबून बघा. सहा इंचांपेक्षा जास्त आत गेली तर तिथून पुढे ट्रॅक्टर न्यायचा नाही. पुढची चाकं लहान असतात, ती आधी रुततात, आणि मग बाहेर काढायला दुसरा मोठा ट्रॅक्टर बोलवावा लागतो.

आता डांब. ते उपटायलाच हवेत का, हे आधी बघा. लाकूड कुजायला ओल आणि हवा दोन्ही लागतात. म्हणून कायम पाण्याखाली, गाळात असलेला भाग सहसा शाबूत राहतो आणि पाणी वरखाली होतं त्या दीड-दोन फुटांच्या पट्ट्यात डांब पोखरतो. जाड स्क्रू ड्रायव्हर टोचत खालपर्यंत जा. खालचं लाकूड घट्ट असेल तर जुना डांब आहे तिथेच राहू द्या आणि दीड फूट सरकून नवा उभा करा. निम्मं काम वाचतं आणि काठही हलत नाही.

काढायचाच असेल तर साखळी बांधून ट्रॅक्टरनं हिसका देऊ नका. गाळ डांबाला धरून ठेवतो, डांब जागचा हलत नाही, आणि साखळी टॉप लिंकला (अवजार धरणाऱ्या वरच्या दांडीला) किंवा एक्सलच्या (चाकांच्या आसाच्या) वर अडकवली असेल तर ट्रॅक्टरच मागच्या चाकांवर उभा राहून चालकावर उलटतो. हे सेकंद-दीड सेकंदात होतं, क्लच दाबायला सवड मिळत नाही. आडवी ओढ द्यायचीच झाली तर ती फक्त ड्रॉबारला (ट्रॅक्टरमागच्या ओढायच्या दांडीला), खालून. डांब खरा निघतो तो वर उचलून. एक इंची पाइप डांबाला लागून खाली सरकवत पंपाचं पाणी सोडा, गाळ सुटतो. मग फळ्यांवर तीन वाशांचं तिकाटणं उभं करा आणि एक टनी चेन कप्पीनं सावकाश उचला. यात ट्रॅक्टरचं काम पंप, पाइप आणि कप्पी काठापर्यंत आणण्याचं.

नवा खांब लाकडीपेक्षा तीन इंची मध्यम जातीचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप बरा. मीटरला साधारण साडेआठ किलो भरतो, म्हणजे १० फुटी तुकडा २६ किलोचा, दोघं आरामात धरतात. सळईच्या परीक्षेत पास झालेल्या जागी होल डिगरनं (ट्रॅक्टरला लावायच्या, खड्डे पाडणाऱ्या पात्यानं) १२ इंची, चार फूट खोल खड्डा घ्या. तिथे ट्रॅक्टर पोचत नसेल तर हातानं. काळी माती पात्याला लपेटते, म्हणून दर फुटाला पातं वर काढून झाडा. पाणी झिरपून कडा ढासळत असतील तर दोन्ही तळ कापलेलं पत्र्याचं पिंप खड्ड्यात बसवा आणि त्याच्या आतून माती काढा. त्यासाठी खड्डा पिंपाच्या मापाचा मोठा घ्यावा लागतो, काँक्रीटही त्या हिशेबानं वाढतं.

१२ इंची, चार फुटी खड्ड्याला १:१॥:३ (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट सुमारे ०.०८५ घनमीटर लागतं. म्हणजे सिमेंटचं पोतं दोन तृतीयांश आणि पाणी १६-१७ लिटर. पाणी जास्त घातलं तर ओतायला सोपं जातं आणि खांब पहिल्याच पावसाळ्यात डगमगतो. खड्ड्यात पाणी साचलं असेल तर आधी उपसा. पाइप आतूनही काँक्रीटनं भरा, वरचं तोंड बंद करा, नाहीतर तो आतून गंजतो. पाऊस जूनच्या पहिल्या पंधरवड्यात येतो आणि काँक्रीटला पूर्ण ताकद यायला २८ दिवस लागतात, म्हणून शेवटचा खड्डा मेच्या पहिल्या आठवड्यात भरलेला हवा. तुमचा मे महिन्याचा बेत त्या अर्थानं उशिराचा आहे, एप्रिलमध्येच हात घाला.

प्रश्न : मागच्या पेटीत सिमेंट, खडी घालून काठाच्या उतारावर गेलो की ट्रॅक्टरची पुढची चाकं हलकी होतात, स्टीअरिंग लागत नाही. लिफ्ट (अवजार उचलणारी यंत्रणा) ७५० किलोची आहे, आम्ही तर ३००च किलो टाकतो. (एक वाचक, ता. हुक्केरी)

उत्तर : लिफ्ट किती उचलते आणि ट्रॅक्टर किती पेलतो, या दोन वेगळ्या गोष्टी. ढोबळ हिशेब करू. ट्रॅक्टर ८५० किलोचा, पुढच्या चाकांवर ३८०, दोन्ही एक्सलमधलं अंतर दीड मीटर. पेटीसकट ३०० किलो मागच्या एक्सलपासून ०.९ मीटर मागे लटकले की पुढचे १८० किलो उचलले जातात. उरले २००. एकूण वजन झालं ११५०, त्याचे २०० म्हणजे १७ टक्के. पुढे निदान २० टक्के हवेत. हे सपाटीवर, चढाला याहून कमी.

पुढच्या बंपरला २० किलोची चार वजनं लावा. ती एक्सलच्या अर्धा मीटर पुढे असल्यानं पुढच्या चाकांवर ८० नाही, १०७ किलोचा भार येतो आणि आकडा २५ टक्क्यांवर जातो. तुमच्या ट्रॅक्टरची खरी मापं पुस्तिकेत आहेत, ती घालून हिशेब पुन्हा करा. पेटी जमिनीपासून वीतभरच वर ठेवायची. भरलेली पेटी मागे असताना चढ रिव्हर्समध्ये चढायचा आणि उतार सरळ उतरायचा, म्हणजे जड बाजू नेहमी चढाकडे राहते. पाण्याकडे तोंड करून उतरल्यावर माल धक्क्यापर्यंत कसा न्यायचा? घमेल्यानं. दहा-पंधरा पावलांसाठी ट्रॅक्टर वळवायला जाऊ नका. उतारावर आडवं चालवणं तर नकोच.

प्रश्न : हिडकल जलाशयाच्या काठाला आमची जमीन आहे. नाव लावायला धक्का बांधला तर उन्हाळ्यात तो कोरडा पडतो. तरंगता करावा का? मिनी ट्रॅक्टरनं तो पाण्यात ढकलता येईल का? (एक वाचक, ता. हुक्केरी)

उत्तर : ५१ टीएमसीच्या जलाशयात पाणी इतकं चढतं-उतरतं की पक्क्या खांबांचा धक्का वर्षातले काही महिनेच कामाचा. तरंगताच करा. ८ बाय १० फुटांचा तराफा, दीड इंची जड लाकडाच्या फळ्या साधारण २५० किलो, चौकट १००, प्लास्टिकची २०० लिटरची आठ पिंपं ८० किलो, वर चार माणसं २८० किलो. बेरीज सातशेच्या आसपास. आठ पिंपं पूर्ण बुडाली तर सोळाशे किलोच्या वर पाणी बाजूला सारतात, म्हणजे चार माणसं चढल्यावरही पिंपं निम्म्याहून कमी बुडतात. सहा पिंपांतही तरंगेल, पण एका कडेला तिघं गेले की कलंडतं. पिंपांची झाकणं रबरी वॉशरसकट घट्ट करा आणि तोंडं वरच्या बाजूला ठेवा. फळ्या खिळ्यांनी नको, बोल्टनं बसवा. ओलं-कोरडं होताना लाकूड फुगतं-आकसतं आणि खिळे वर येतात.

ढकलण्याच्या फंदात पडू नका. मेमध्ये पाणी जिथे असतं त्याच्या थोडं वर, सपाट जागी, तराफा जोडून ठेवा. जून-जुलैत पाणी आपसूक त्याला उचलतं. चौकटीच्या दोन कड्या दोन उभ्या पाइपांवर सैल ओवा. दोर आखूड बांधला तर पाणी चढताना तराफा एका बाजूनं पाण्यात खेचला जातो. पाइपाची उंची मात्र त्या जागी पाणी किती चढतं ते बघूनच धरा, नाहीतर पाणी वर गेल्यावर कड्या निसटतात. पाणी फार चढत असेल तिथे कड्यांऐवजी लांब दोर आणि दगडी नांगर, आणि पाणी चढेल तसा तराफा हातानं काठाकडे ओढत राहायचं.

नंतर जागा बदलायची झाली तर ट्रॅक्टर काठाला समांतर, कोरड्यावर चालवा. एखाद्या मजबूत झाडाला कप्पी बांधून दोर वळवून घेतला की ओढ त्या झाडाच्या दिशेनं मिळते. ताणलेल्या दोरावर ओलं पोतं टाका, तुटला तर झेप कमी होते. त्याच्या रेषेत कुणी उभं राहू नये.

जलाशयाची हद्द कर्नाटक नीरावरी निगमाकडे (राज्य सरकारच्या पाटबंधारे कंपनीकडे) आहे. जमीन तुमची असली तरी पाण्याखाली जाणारा पट्टा संपादित असतो, तिथे खांब रोवण्याआधी परवानगी घ्या. अर्ज कन्नडमध्ये लिहून घ्या, हेलपाटे वाचतात.

प्रश्न : आमच्याकडे तांबडी माती आणि खाली जांभा. होल डिगरचा शिअर बोल्ट सारखा तुटतो. हाय टेन्साइल (जास्त मजबूत) बोल्ट घातला तर? (एक वाचक, ता. खानापूर)

उत्तर : घालू नका. तो बोल्ट तुटायलाच दिलेला आहे. तो तुटला नाही तर पीटीओ शाफ्ट (इंजिनाची ताकद अवजाराला पोचवणारा फिरता दांडा), नाहीतर गिअरबॉक्स जातो. पुस्तिकेत सांगितलेल्या मापाचे आणि ग्रेडचे डझनभर बोल्ट सोबत ठेवा. इंजिन कमी आरपीएमवर ठेवा, पातं दाबून न धरता आपल्या वजनानं उतरू द्या. जांभा लागला की थांबा, पहारीनं फोडा, भुगा काढा, मग पुन्हा पातं. पातं अडकलं तर लिफ्टनं उपसायचं नाही: पीटीओ बंद, इंजिन बंद, किल्ली खिशात, आणि पाइप पान्यानं हातानं उलटं फिरवून सोडवायचं. सैल ओढणी किंवा लोंबती बाही घालून त्या शाफ्टजवळ कुणी जाऊ नये, गार्ड बसवलेलं असलं तरी.