‘फिक्स्ड’ दिसलं म्हणून गिऱ्हाइकाला तारीख देऊ नका

शिरपूरच्या मित्रांची पोस्ट काल रात्री वाचली आणि झोप लागेना. त्यांनी विकत घेतलेल्या रिपोर्ट कंपोनंटमधून (आपल्या सॉफ्टवेअरला जोडायचा, पावत्या-अहवाल काढणारा तयार भाग) पीडीएफ काढली की मराठी मजकूर तुटतो. कंपनीच्या सार्वजनिक बग ट्रॅकरवर, म्हणजे दोषांच्या तक्रारींच्या सगळ्यांना दिसणाऱ्या नोंदवहीत, हीच तक्रार चार वर्षांपासून पडून होती, आणि गेल्या आठवड्यात तिची स्थिती ‘फिक्स्ड’, म्हणजे दुरुस्त, झाली. आता दूध डेअरीच्या चेअरमनना पुढच्या महिन्याची तारीख सांगू का, असं ते विचारतात.

नका सांगू. आज तर अजिबात नका सांगू. मी हेच केलं होतं आणि तीन जिनिंग मिलचं काम गमावलं.

ट्रॅकरवरच्या तक्रारीला पाठिंब्याची मतं कशी द्यायची, नवी तक्रार कशी नोंदवायची हे तुम्हाला येतंच, ते सोडून देतो. कुठल्या कंपनीचं टूल होतं तेही लिहीत नाही, कारण आज तिथे काय पद्धत आहे ते मी पाहिलेलं नाही. अनुभव एकाच टूलचा आहे, तेवढाच धरा.

२०१८ चा हंगाम. धरणगाव रस्त्यावरच्या एका जिनिंगला मी काटा पावतीचं सॉफ्टवेअर दिलं होतं. भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, निव्वळ क्विंटल, भाव, शेतकऱ्याचं नाव आणि गाव. काट्याच्या इंडिकेटरवरून सीरियल पोर्टने वजन थेट यायचं, तो भाग पहिल्या दिवसापासून ठणठणीत होता. कागदावर छपाईही नीट. त्या वर्षी शेठ म्हणाले, पावती शेतकऱ्याच्या व्हॉट्सअॅपवर गेली पाहिजे, म्हणजे चुकारा करताना वजनावरून वाद नको. म्हणून पीडीएफ. आणि पीडीएफमध्ये नावं मोडायला लागली. ‘किशोर’ची वेलांटी क सोडून श ला जाऊन चिकटे. ‘सूर्यवंशी’तला रफार वर न चढता पाय मोडलेला र होऊन सुटा उभा राही. आणि पावतीच्या डोक्यावरचं ‘शेतकऱ्याचे नाव’, प्रत्येक पावतीवर, प्रत्येक वेळी तुटलेलं.

कारण साधं आहे. देवनागरीत अक्षरं ज्या क्रमाने साठवली जातात त्या क्रमाने ती काढता येत नाहीत. ह्रस्व वेलांटी साठवताना व्यंजनानंतर येते, दिसताना आधी दिसते. ही मांडामांड, म्हणजे शेपिंग, विंडोजमध्ये २००० च्या आवृत्तीपासून युनिस्क्राइब नावाचा भाग करतो, म्हणून पडद्यावर आणि प्रिंटरवर सगळं बरोबर येतं. अनेक कंपोनंट पीडीएफ बनवताना मात्र विंडोजला विचारत नाहीत, एकेक अक्षर फॉन्टमधून उचलून स्वतःच ओळीने ठेवतात. इंग्रजीला ते चालतं, आपल्याला नाही. तुमच्याकडेही ‘पडद्यावर बरोबर, पीडीएफमध्ये चूक’ असंच असेल तर दुखणं हेच.

ट्रॅकरवर बंगाली मजकुराबद्दल कुणीतरी हीच तक्रार आधी टाकली होती. मी मत दिलं, ‘आमच्याकडेही हेच, फार अडलंय’ असं लिहिलं आणि उत्तराची वाट पाहत बसलो. तोवर दुसऱ्या बाजूने एक पर्यायी वाट बांधायला घेतली होती: कंपोनंटचा पीडीएफ निर्यातीचा मार्ग सोडायचा, पावती विंडोजच्या छपाई मार्गाने काढायची आणि विंडोज १० मध्ये आयता येतो तो ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ वापरायचा. निम्मं काम झालं होतं.

आषाढी एकादशीच्या आसपास मेल आला: स्थिती बदलली, ‘फिक्स्ड’. त्याच संध्याकाळी मी शेठना फोन केला, दसऱ्याला व्हॉट्सअॅपवर पावती चालू. आणि पर्यायी वाटेचं काम थांबवलं, आता कशाला म्हणून. माझी चूक ती हीच. बाकी सगळं तिच्यामागून आलं.

सप्टेंबरात कंपनीचा सुधारित हप्ता, म्हणजे छोटा अपडेट, आला. बसवला, पावती काढली, किशोरची वेलांटी अजून श लाच. बदलांची यादी वरपासून खालपर्यंत तीनदा वाचली, माझ्या तक्रारीचा क्रमांक कुठेच नाही. मग मूळ नोंद उघडली. तिथे ‘फिक्स्ड’च्या खाली वेगळा रकाना होता, दुरुस्ती कुठल्या आवृत्तीत येणार त्याचा, आणि त्यात पुढच्या मोठ्या आवृत्तीचा आकडा. मेलमध्ये तो रकाना येत नव्हता आणि मी मेलवर विसंबलो होतो. ‘फिक्स्ड’चा अर्थ एवढाच होता की त्यांच्या एका माणसाने त्यांच्या कोडमध्ये बदल केला. तो बदल अजून आवृत्ती होऊन बाहेर पडायचा होता. आणि पडला असता तरी मला मिळाला नसता, कारण माझं वर्षाचं मेंटेनन्स, म्हणजे नव्या आवृत्त्या मिळण्याची वर्गणी, मे महिन्यात संपलं होतं.

मग सुरू झाली विक्रेत्याच्या कार्यालयाची वारी, सगळी फोनवर आणि मेलवर. मोठ्या शहरातलं कार्यालय, कंपनीचे अधिकृत विक्रेते. मी लिहिलं: हा दोष तुमच्या कंपनीने मान्य केला आहे, क्रमांक हा, मी पैसे भरून टूल घेतलं तेव्हाही तो होता, मग दुरुस्ती मला जुन्याच लायसन्सवर मिळावी. उत्तर आलं, स्क्रीनशॉट पाठवा. पाठवला. चार दिवसांनी दुसऱ्या माणसाचं उत्तर, स्क्रीनशॉट पाठवा. पुन्हा पाठवला. तिसऱ्या वेळी फोन केला तर बाई म्हणाल्या, तो ट्रॅकर कंपनीचा आहे, आमचा नाही, तिथे काय लिहिलंय ते आम्ही बघत नाही. ट्रॅकरवर विचारलं तर तिथल्या अभियंत्याने सभ्यपणे लिहिलं की लायसन्सचे प्रश्न इथे घेत नाहीत, आपल्या विक्रेत्याशी बोला. दोन दारं, आणि दोन्हीकडे दुसऱ्या दाराकडे दाखवलेलं बोट. अकरा दिवस मी त्या दोन दारांत घालवले. शेवटी कार्यालयाने मला अपग्रेडचं दरपत्रक पाठवलं. रक्कम माझ्या तेव्हाच्या दोन महिन्यांच्या कमाईएवढी होती आणि ती आवृत्ती डिसेंबरात यायची होती. आजही ते आठवलं की संताप होतो. एका वाक्यात ‘जुन्या लायसन्सवर मिळणार नाही’ असं पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर मी त्याच दिवशी पर्यायी वाटेला लागलो असतो.

दसऱ्याला मी मिलवर होतो. दिवाणजींनी पहिली पावती मोबाइलवर उघडली, चष्मा वर केला आणि विचारलं, “हाई काय लिखेल शे भाऊ?” मला उत्तर देता आलं नाही. बाहेर कापसाच्या गाड्या लागलेल्या. त्यांनी खणातून जुनं पावती पुस्तक काढलं, कार्बन घातला आणि हाताने लिहायला लागले. दिवाळीनंतर शेठनी दुसऱ्या माणसाला बोलावलं. त्यांच्या नात्यातल्या आणखी दोन जिनिंग माझ्याकडे होत्या, एक जामनेरकडची आणि एक बोदवडची, त्याही वर्षअखेरीला गेल्या. शेठ वाईट माणूस नव्हते. मी तारीख दिली होती आणि पाळली नव्हती.

अर्धवट ठेवलेली पर्यायी वाट मी नोव्हेंबरात पुरी केली. चार दिवस लागले.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं. आधी मूळ नोंद उघडून दुरुस्तीची आवृत्ती बघा, आणि ती आवृत्ती प्रत्यक्ष उतरवून घेता येते का ते बघा. मग तुमचं लायसन्स तिला लागू आहे का ते बघा. मी कायद्याचा जाणकार नाही, लायसन्सचा मजकूर तुम्हीच शब्दन् शब्द वाचा, पण साधारण पद्धत अशी की छोटे हप्ते मिळतात आणि मोठ्या आवृत्तीला चालू वर्गणी लागते. प्रोग्रॅमरची टूल्स बनवणाऱ्या जेटब्रेन्सने २०१५ साली वर्गणी आणली तेव्हा सलग १२ महिने पैसे भरणाऱ्याला एक ठरावीक आवृत्ती कायमची वापरायची मुभा ठेवली. सोय चांगली आहे, पण तुमची दुरुस्ती त्याच्या पुढच्या आवृत्तीत असेल तर ती त्या मुभेत बसत नाही. हे तिन्ही जमलं आणि तुमच्या स्वतःच्या मशीनवर, तुमच्याच पावतीत ‘शेतकऱ्याचे’ नीट उमटलं, की मग चेअरमनना फोन करा.

काही ठिकाणी हे शब्द नीट वेगळे ठेवलेले असतात. मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल स्टुडिओ या टूलच्या ट्रॅकरवर ‘फिक्स्ड, पेंडिंग रिलीज’ अशी वेगळी पायरी आहे, म्हणजे दुरुस्त केलं, बाहेर यायचं बाकी. बगझिला नावाच्या ट्रॅकर सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्त होणं आणि दुरुस्ती तपासली जाणं या दोन निराळ्या पायऱ्या आहेत. माझ्या मते पैसे घेणाऱ्या प्रत्येक टूलवाल्याने असं करायलाच हवं, आणि कळवण्याच्या मेलमध्ये आवृत्तीचा आकडा घालायलाच हवा. एका ओळीचं काम आहे.

मतांबद्दल माझं मत कडक आहे, पटलं नाही तर सोडून द्या. मतांच्या आकड्यावर जगू नका. अॅटलासियन या सॉफ्टवेअर कंपनीच्या सार्वजनिक ट्रॅकरवर त्यांच्या क्लाउड सेवेसाठी स्वतःचं डोमेन (वेबपत्ता) वापरू द्या ही मागणी २०११ सालची, भरपूर मतं असूनही ती दहा वर्षांहून जास्त उघडी राहिली. तिथे जगभरचे लोक होते. देवनागरीच्या तक्रारीला मतं द्यायला आपण किती जण जाणार? मतापेक्षा छोटा, चालवून बघता येईल असा नमुना जास्त काम करतो. आणि तो मराठी हवा. मी मत दिलेल्या त्या तक्रारीवर एकाने ‘नमस्ते’ लिहून पाहिलं होतं आणि दोष फारसा दिसत नाही असं नोंदवलं होतं. ‘नमस्ते’मध्ये वेलांटी नाही आणि रफारही नाही, काय दिसणार? आपला ‘ऱ्य’ तर हिंदीत सहसा येतच नाही, म्हणून तो कुणी तपासत नाही. नमुन्यात शब्दाबरोबर युनिकोड क्रमांकही (संगणकातला प्रत्येक अक्षराचा ठरलेला क्रमांक) लिहा, ‘ऱ्य’साठी असे: ०९३१, ०९४डी, ०९२एफ. हाच ‘ऱ्य’ ०९३०, ०९४डी आणि मग २००डी हा अदृश्य जोडक घालूनही लिहिला जातो, दिसायला तसाच. (यावरून एक आडवी सूचना: नावांच्या शोधात ‘गोऱ्हे’ सापडत नसेल तर दोन कीबोर्डांनी दोन प्रकारे लिहिलेलं असेल. साठवण्याआधी एकाच रूपात आणा.)

दुसरी गोष्ट. नमुना देताना डेअरीचा खरा डेटा जोडू नका. घाई असली की बॅकअप फाइलच चढवून द्यायचा मोह होतो. ट्रॅकर सार्वजनिक आहे, जोडलेली फाइल जगात कुणीही उतरवू शकतो आणि त्यात सभासदांची नावं, बँक खाती, मोबाइल क्रमांक असतात. दहा खोट्या नावांचा वेगळा प्रोजेक्ट करा.

तुमच्या पोस्टखाली एकांनी लिहिलंय की असले ट्रॅकर दिखाऊ असतात, त्यापेक्षा बंद कंपन्या बऱ्या. हे मला अजिबात मान्य नाही. माझं एवढं नुकसान होऊनही नाही. अॅपलकडे दोष कळवला तर दुसऱ्यांनी काय कळवलंय ते तुम्हाला दिसत नाही. म्हणून डेव्हलपर लोकांनी आपापल्या तक्रारींच्या प्रती ठेवायला ओपन रडार नावाची वेगळी जागा उभी केली. ओरॅकलच्या बऱ्याच दोषांचा तपशील बघायला सपोर्टचं खातं लागतं. ट्रॅकर उघडा असेल तर निदान विकत घेण्याआधी ‘देवनागरी’, ‘इंडिक’, ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ हे तीन शब्द इंग्रजीत शोधून बघता येतात. मी आता कुठलंही कंपोनंट घेताना पहिला तासभर तिथेच घालवतो, किंमत नंतर विचारतो. आणि ज्या नोंदीवर तुमचं काम अवलंबून आहे तिची प्रत स्वतःकडे काढून ठेवा. मायक्रोसॉफ्टचं कनेक्ट हे तक्रारींचं संकेतस्थळ २०१७ च्या शेवटी बंद झालं तेव्हा तिथल्या जुन्या तक्रारींचे दुवे निकामी झाले, त्यांतल्या उपायांसकट.

आता तुमचं काम. तुमचं कंपोनंट प्रिंटरवर मराठी बरोबर छापत असेल तर मी लिहिलेली छपाईची वाट तुमच्याकडेही चालायला हवी. अडचण एवढीच की ‘प्रिंट टू पीडीएफ’ प्रत्येक वेळी फाइलचं नाव विचारतो. ते टाळायला छपाईच्या कामालाच आधी फाइलचा पत्ता द्यावा लागतो, तो भाग जरा किचकट आहे. माझा कोड मी उद्या इथे टाकतो. तोवर तुम्ही ‘किशोर सूर्यवंशी’ आणि ‘शेतकऱ्याचे नाव’ एवढ्या दोन ओळींचा रिपोर्ट करून त्याची पीडीएफ इथे चढवा, टूलचा आवृत्ती क्रमांकही लिहा. रात्री नऊनंतर बघतो, दिवसा मी काट्यावर असतो.